चाकांचं फेशियल

कुंदामावशी समोरच्या माणसाची हनुवटी दोन बोटांत धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवत आणि मगच बोलायला लागत. मी सावेडीत राहायला आलो तेव्हा त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो भांडायला. त्यांची पांढरी छोटी गाडी माझ्या फाटकासमोर आडवी उभी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात हनुवटी पकडली गेली. "ऊन लई बाधलंय हो तुम्हाला. रात्री दुधाची साय लावत जा." मी "बरं" म्हणून घरी आलो, साय लावली, आणि गाडीचा विषय दुसऱ्या दिवशी आठवला.

बंगल्याच्या पुढच्या खोलीत त्यांचं ब्यूटी पार्लर होतं. माहेर पारनेरकडचं. गिऱ्हाइकासमोर भाषा अगदी पुस्तकी. राग आला की थेट पारनेर. यजमान गेल्यावर त्या गाडी शिकल्या, कारण लग्नसराईत नवऱ्या नटवायला त्यांना खेडोपाडी बोलावणं असे. हळदीच्या आधी पोचायचं आणि वरात निघाल्यावर परतायचं, हे एस.टी.च्या भरवशावर जमण्यासारखं नव्हतं.

रस्त्यावर त्यांचा हात पक्का होता. घोटाळा व्हायचा तो गाडी लावताना. आमच्या गल्लीतला फूटपाथ उंच. मावशी आरशात न बघता कानानं गाडी लावत. चाक कडेला घासून खर्र आवाज आला की इंजिन बंद. "लागली बघा गाडी," असं म्हणून त्या समाधानानं उतरत. ती लागली म्हणजे खरोखरच लागलेली असे. डाव्या बाजूच्या दोन्ही अलॉय चाकांवर मांजरांची टोळी नांदून गेल्यासारखे ओरखडे होते.

पुण्याहून मुलगा निखिल आला की आधी चाकं बघायचा, मग आईला नमस्कार. मागच्या खेपेला त्यानं बजावलं होतं, "आई, आता एक जरी नवा ओरखडा दिसला ना, तर गाडी विकणार. मला तिकडे झोप लागत नाही." त्यानंतर चाकं आणखी दोनतीनदा "लागली" होती, आणि रविवारी निखिल येणार होता.

शनिवारी सकाळी मावशी माझ्या दारात उभ्या. "दिलीपराव, तुमचा तो सालीचा रंग उरलाय का?"

हा रंग म्हणजे माझ्या आयुष्यातली एक लाजिरवाणी खरेदी. डब्यातून फवारायचा, वाळला की त्याचं रबरासारखं कातडं होतं आणि कंटाळा आला की केळ्याच्या सालीसारखं ओढून काढायचं, असं मी मोबाईलवर पाहिलं होतं. मी तो माझ्या चाकांवर मारला. न धुता आणि काटकसर म्हणून पातळ. आवडला नाही तेव्हा काढायला बसलो, तर साल कसली निघते! भाजलेल्या शेंगदाण्यांच्या टरफलांसारखे कपटे निघत होते. माझ्या गाडीची चाकं तेव्हापासून बिबट्यासारखी ठिपक्याठिपक्यांची होती. अशा तज्ज्ञाला बोलावणं आलं होतं.

मावशींनी सूत्रं पहिल्या मिनिटालाच हातात घेतली. "तोंड न धुता पावडर लावतात व्हय?" त्यांनी शाम्पू आणि जुना टूथब्रश घेऊन चाकांच्या काड्याकाड्यांतली काळी धूळ काढली आणि पार्लरच्या टॉवेलनं ती टिपली. गाडीच्या अंगावर गिऱ्हाइकांच्या गळ्याभोवती बांधायचे एप्रन चढले. टायरवर रंग उडू नये म्हणून टायर आणि चाकाच्या फटीत मी माझा रमीचा कॅट खोचला. सगळीकडून पत्त्यांच्या झालरी लागलेलं ते चाक बघून मावशी खूष झाल्या. "नवरीला मुंडावळ्या बांधल्यागत दिसतंय!"

मग माझी पाळी. डबा चांगला हलवला. भोक कुठल्या बाजूला आहे ते नीट दिसेना म्हणून चेहऱ्याजवळ आणला आणि खात्री करण्यासाठी दाबला.

खात्री झाली. मिशीचा उजवा अर्धा भाग राखाडी झाला.

"चोळू नका!" मावशी ओरडल्या. "वाळू द्या. साल निघते म्हणता ना?" त्यांनी मला पार्लरच्या खुर्चीत बसवलं, हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "खालून वर, एका झटक्यात. श्वास सोडा." साल सुरेख निघाली, अगदी अखंड. तिच्यासोबत माझी कॉलेजपासूनची अर्धी मिशीही निघाली. उरलेली अर्धी मी घरी जाऊन स्वतः उतरवली. बायकोनं दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?"

पण त्या अपघातानं मर्म कळलं होतं: जाड थर बसला की साल सलग येते. आम्ही थरावर थर दिले, मधेमधे वाळवत. शेवटचा थर ओला असतानाच पत्ते काढले. संध्याकाळी चाकं गडद राखाडी, मऊ झाकेची झाली. ओरखडे पार गडप. मावशी लांब उभ्या राहून बघत होत्या. "दिलीपराव, गाडी गेली तर नवऱ्या मुली माझ्याकडं थोड्याच येणार? मीच जाते म्हणून माझं चालतंय. न्हाईतर निख्याच्या फ्लॅटमधे टीव्हीसमोर बसवतील मला."

रविवारी निखिल आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, मिशी?" "उन्हाळा," मी म्हणालो. मग त्यानं चाकं पाहिली.

"आई, चाकं बदललीस?"

"फेशियल केलं."

तो चाकाजवळ उकिडवा बसून आईला वयाबद्दल, ट्रॅफिकबद्दल ऐकवू लागला. बोलता बोलता त्याच्या नखाला हवेच्या नळीपाशी सालीची सुटी कड सापडली. अशी कड सापडल्यावर जगातला कुठलाही माणूस थांबत नाही. तो बोलत राहिला, ओढत राहिला, आणि "तुझ्या काळजीपोटीच" या शब्दांवर अख्ख्या चाकाचं कातडं त्याच्या हातात आलं. खाली ओरखडे, जुने आणि ताजे.

"हे काय आहे?"

मावशी पारनेरला पोचल्या. "फूटपाथ हाय तो! फूटपाथला घासली! मानसाला न्हाई, कुत्र्याला न्हाई, फूटपाथला! आता बस गाडीत. राळेगणला नवरी वाट बघतीय माजी. वाटंत एकदा जरी तुजा जीव घाबरला, तर किल्ली तुजी."

निखिल डाव्या सीटवर दाराची कडी धरून बसला. मी मागे, मेकअपची पेटी मांडीवर घेऊन. मावशींनी पुणे रस्त्यावरचे ट्रक मागे टाकले ते भाजीत मीठ टाकावं इतक्या सहज. ट्रॅक्टरमागे ओव्हरटेक न करता शांत राहिल्या, वळणावर गिअर वेळेवर उतरवला. निखिलचा हात कडीवरून कधी सुटला ते त्यालाही कळलं नसावं. राळेगणला मांडवासमोर मोकळं अंगण होतं. फूटपाथचा पत्ता नाही. गाडी एका वळणात लागली. खर्र नाही की खुर्र नाही.

"आई, गाडी तुला येते गं," निखिल खाली उतरत म्हणाला. "फूटपाथ येत नाही."

"मग गल्लीत मधोमध लावीन."

"माझ्या फाटकासमोर नको," मी घाईनं म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

मावशी पेटी घेऊन आत गेल्या. निखिल बाहेर बसून उरलेल्या चाकांच्या साली मन लावून काढत होता, आणि एक साल अखंड निघाली तेव्हा त्यानं ती मला अभिमानानं दाखवली. एवढ्यात नवरीची आई लगबगीनं आली. "पावनं, मेकअपवाल्या बाईंचे ड्रायव्हर कोन? जेवाया बसवा की त्यास्नी."

मी निखिलकडे पाहिलं.

"ड्रायव्हर आत आहेत," तो म्हणाला, "नवरीला नटवतायत. मी नुसता बसून आलोय."

परतताना सुप्याच्या अलीकडेच तो तोंड उघडं टाकून गाढ झोपला. रस्त्यात खड्डे होते, समोरून प्रखर दिवे येत होते, पण तो एकदाही दचकला नाही. मी काहीतरी बोलायला पुढे वाकलो, तर मावशींनी आरशातून मला दटावलं.

"हळू बोला. पोराला झोप लागलीय."