काठी अडवली तेव्हा

आमचं घर पिंपळवंडीच्या शिवारात होतं. मी सातवीत गेले त्या वर्षी शाळेत मुलींना काठी शिकवायचं ठरलं. आमच्या भल्याचा विचार त्यात फारसा नव्हता. संमेलनाला पुण्याहून कोणी साहेब येणार होते आणि मुलांच्या लेझमीखेरीज त्यांना दाखवायला शाळेकडे काही नव्हतं. म्हणून आम्ही.

शिकवायला जुन्नरचे एक वस्ताद यायचे. ते जातीचे पिंजारी. बाजारात त्यांचं कापूस पिंजायचं दुकान होतं, आणि मोहरमच्या दिवसांत त्यांच्या मोहल्ल्यातली पोरं त्यांच्याच हाताखाली काठी फिरवायची. सायकलवरून यायचे, पायजम्याला कापसाचे तंतू चिकटलेले. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या माना खाली घालून उभ्या होतो.

"जमिनीवर काय सांडलंय का, बेटी?" त्यांनी मला विचारलं. "मान वर कर. समोरच्याच्या हाताकडं बघू नको, हात फसवतो. खांद्याकडं बघ. वार खांद्यातनं निघतो."

आईने मला चालताना खाली बघायला शिकवलं होतं. या माणसाने वर बघायला लावलं. चार-सहा महिन्यांत माझं चालणं बदललं. मास्तरांनी प्रश्न विचारला की पूर्वी मी पुढच्या मुलीआड लपायचे, आता मोठ्याने उत्तर द्यायला लागले. गणितात रडत बसणारी मी फळ्यापाशी जाऊन उभी राहायला लागले. हे काठीमुळे झालं हे मला तेव्हाच कळत होतं.

संमेलनात मी दोन मुलींचे वार एकाच वेळी अडवले. साहेब भाषणात म्हणाले, मुलींनी असंच निर्भय झालं पाहिजे. आबा, माझे वडील, पहिल्या रांगेत होते. ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. ज्याला त्याला सांगत होते, "माझी पोरगी हाय ती."

त्याच उन्हाळ्यात त्यांनी माझं लग्न आणं नावाच्या गावी लावून दिलं.

आणं पठारावर. माळ, वारा आणि पाण्याचे हाल. उन्हाळ्यात विहिरीला पाणी पाझरायचं तेवढंच, घागर भरायला ताटकळत बसावं लागे. नवऱ्याने मला आधी दोनदा थोबाडीत मारली होती. मी गप्प बसले, सगळ्याच बसतात. तिसऱ्यांदा मी विहिरीवरून आले तेव्हा तो शेळ्या हाकायची काठी घेऊन दारातच उभा होता.

"पाण्याला येवढा येळ? कुणाशी बोलत व्हतीस?"

मी घागर खाली ठेवली. त्याचा खांदा हलला, आणि मी काही ठरवायच्या आत माझे दोन्ही हात वर गेले. काठी पकडली, पिळली, ती माझ्या हातात आली. मी मारलं नाही. मारायचं मनातही आलं नाही. फक्त काठी धरून, मान वर करून उभी राहिले. त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली.

सासू ओरडत अंगणात आली, "नवऱ्यावर काठी उगारती ही! धावा रं!"

भावकी जमली. दुसऱ्या दिवशी दिराने मला आळ्याच्या फाट्यावर एसटीत बसवून माहेरी पाठवलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. त्याने का मारलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"परत जा आन् पाया पड."

"आबा, तुमीच टाळ्या वाजवल्या व्हत्या."

"ते शाळंत व्हतं," आबा म्हणाले.

त्या आठवड्यात ते हेडमास्तरांना भेटून आले. मुलींचा काठीचा वर्ग बंद झाला. नंतर आबा जुन्नरच्या बाजाराला गेले आणि भर दुकानात वस्तादांना बोलले, "तुमी माझी पोरगी बिघडवली." हे मला भावाने सांगितलं. वस्ताद काय म्हणाले, विचारलं, तर भाऊ म्हणाला, "काय न्हाई. खाली बघत व्हते."

हे ऐकून मला जेवढी लाज वाटली तेवढी पुढे पाया पडतानाही वाटली नाही.

पाया पडले मी. आबांनी स्वतः आण्याला नेलं, सगळ्या भावकीसमोर वाकायला लावलं आणि जेवून परत गेले. नवऱ्याने त्यानंतर माझ्यावर कधी हात उगारला नाही. तेवढं खरं. पण तो माझ्याशी बोलायचाही बंद झाला. भाकरी हवी असली तर जावेला सांगायचा, "तिला वाढ म्हणावं." मी समोरच बसलेली असायचे. पुढे मुलं झाली, तीही त्या अबोल्यातच. मुलं बोलायला लागली तेव्हा जावेचं काम त्यांच्याकडे गेलं.

जावेचा नवरा तिला अधूनमधून बडवायचा. एकदा पाठीला हळद लावून घेताना ती मला म्हणाली, "तुझं नशीब लई चांगलं बाई. तुला कोण हात लावत न्हाई."

मी तिच्या पाठीवर हळद लावत राहिले. बाहेर नवरा पोराला सांगत होता, आईला म्हणावं पाणी दे.