ठिपकेबाईंचं गणिताचं पुस्तक

ठिपकेबाई कागद कानाने निवडत. शहापूरच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात गेल्या, की दुकानदाराने पुढे केलेला कागद त्या एका कोपऱ्यात धरत, कानाजवळ नेऊन झटकत आणि आवाजावरून सांगत, "हा नको. ह्याच्यावरचा ठिपका आठवडाभरसुद्धा टिकणार नाही." ब्रेलचा खास जाड कागद मुंबईहून मागवावा लागे आणि तो त्यांच्या मानधनात बसत नसे. म्हणून त्या जुनी कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका जमवत. आसनगावपासून मुरबाडपर्यंत जिथे जिथे ओळख, तिथे त्यांनी सांगूनच ठेवलं होतं की वर्ष संपलं तरी कॅलेंडर टाकायचं नाही. जानेवारी संपेपर्यंत त्यांच्या आसनगावच्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली गठ्ठेच्या गठ्ठे साठत.

नाव मुलांनी ठेवलेलं. त्याचा त्यांना राग नव्हता. जन्म मुरबाड तालुक्यातल्या शेतकरी घरातला. चौथ्या वर्षी गोवर आला आणि दृष्टी घेऊन गेला. शहरातल्या अंधशाळेत शिकून त्या परत आपल्या भागात आल्या आणि मुरबाड व शहापूर या दोन्ही तालुक्यांतल्या अंध मुलांसाठी फिरत्या शिक्षिका झाल्या. नेमणूक कंत्राटी, दर वर्षी नव्याने सही. एसटी, जीप, नाहीतर पायी अशा त्या पाड्यापाड्यांवर जात. मी शेणव्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. आठवड्यातून दोनदा त्या आमच्याकडे येत, कारण आमच्या आठवीच्या वर्गात चंद्री होती.

बाईंकडे बोलणारा मोबाइल होता. तो त्यांनी अर्ध्याहून कमी किमतीत मिळवला होता. एका दुकानात पडदा काळा पडलेला फोन होता. बोट लावलं की चाले, पण दिसत काहीच नव्हतं. दुकानदार तो भंगारात काढणार होता. "मी म्हटलं, मला द्या. मला कुठे बघायचंय?" हे सांगताना त्या मनापासून हसत. रस्त्यात कुणी मोबाइल हिसकावून नेला तर चोरालाच पश्चात्ताप होईल, असंही म्हणत.

पण पैशांचा विषय निघाला की हसणं थांबे. एकदा स्टाफरूममध्ये आमच्या एका सरांनी सहज विचारलं, की ही आंधळ्यांची यंत्रं एवढी महाग का असतात. बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्यासाठी बनतं ते थोडंच बनतं, म्हणून महाग. महाग म्हणून कोणी घेत नाही. कोणी घेत नाही म्हणून पुन्हा थोडंच बनतं. सर, तुमचा चष्मा प्रत्येक बाजारात मिळतो. माझा मिळत नाही, एवढाच फरक." सरांनी चष्मा काढून पुसला.

फुकट मिळत असे ती फक्त काठी. साहित्यवाटपाच्या शिबिरात बाईंना दर वेळी व्यासपीठावर बोलावत, हातात पांढरी काठी देत आणि फोटो काढत. अशा सात काठ्या त्यांच्या दाराआड उभ्या होत्या. एका शिबिरात त्यांनी पाहुण्यांना हळूच सांगितलं, "साहेब, काठ्या आहेत. मला कागद द्या, नाहीतर ब्रेल टाइप करायचं मशीन द्या." पाहुणे चांगले होते, त्यांनी यादी मागवून पाहिली. यादीत काठी होती, घड्याळ होतं, काळा चष्मा होता. बाई आठवी काठी घेऊन परत आल्या आणि ती त्यांनी वाटेत बसस्टँडवर एका म्हाताऱ्याला देऊन टाकली.

चंद्री तानसा तलावाच्या बाजूच्या एका पाड्यावरची. जन्मापासूनच अंध. तिचा बाप कान्हू भाताचं रान करायचा आणि उरलेले दिवस मजुरीला जायचा. पोरगी हुशार होती, पाढे तिला गाण्यासारखे यायचे. नववीत गेली तेव्हा प्रश्न आला गणिताचा. भाषेची ब्रेल पुस्तकं उशिरा का होईना, आली. गणिताचं आलंच नाही. सगळे म्हणाले, नियमाने सवलत आहे, सोपा विषय घ्या आणि मोकळ्या व्हा. मीही तेच म्हटलं. बाईंनी ऐकलं नाही. "गणित सोडलं की पुढची अर्धी दारं बंद. तिला नको असेल तर ती सोडेल. पुस्तक नाही म्हणून सोडायचं नाही."

त्यांनी चंद्रीलाच विचारलं. चंद्री म्हणाली, "मना येतं तं मी कशाला सोडू?"

मग बाईंनी पुस्तक स्वतःच करायला घेतलं. शनिवारी अर्धा दिवस शाळा झाली की रिकाम्या वर्गात आम्ही दोघी बसायचो. मी पाठ्यपुस्तक वाचायचे आणि बाई लोखंडी पट्टीत कागद अडकवून टोचणीने एकेक ठिपका टोचायच्या. कागदाच्या मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे, सगळी अक्षरं उलटी. कागद पलटला की ठिपके वर येतात आणि अक्षर सरळ होतं. छापील एका पानाची ब्रेलची चार पानं होत. भूमितीच्या आकृत्या त्यांनी शिंप्याच्या काटेरी चाकाने काढल्या. वर्तुळासाठी दोरा डिंकाने चिकटवला. त्रिकोणाच्या खाली कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त छापलेला असायचा. "वाच गो, थांबू नको," त्या म्हणायच्या. मी थकायचे, त्या थकायच्या नाहीत, असं मला वाटायचं.

ब्रेलचं मशीन एका तालुक्याच्या साधनकेंद्रात होतं. कुठल्या, ते सांगत नाही. सहा कळांचं, टाइपरायटरसारखं मशीन. त्यावर तेच काम चौथ्या हिश्शाच्या वेळात झालं असतं आणि मनगटही वाचलं असतं. विकत घ्यायचं तर बाईंचं कित्येक महिन्यांचं मानधन गेलं असतं. केंद्रातलं मशीन कुलूपबंद कपाटात होतं. एका सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले. तिथले साहेब वाईट नव्हते. चहा मागवला. म्हणाले, "बाई, महागाची वस्तू आहे. तुम्ही नेली आणि बिघडली, तर भरून कोण देणार? तुमचं तर कंत्राट."

"इथेच बसून वापरते," बाई म्हणाल्या.

"लेखी अर्ज करा."

अर्ज मी लिहिला, जागा कळावी म्हणून मी कागदावर टेकवलेल्या अंगठ्याशेजारी बाईंनी सही केली. परवानगी यायला पाच महिने गेले. ती आली तेव्हा बाई दोन गाड्या बदलून तिथे पोचल्या. शिपायाने कपाट उघडलं, मशीन टेबलावर ठेवलं. बाईंनी दोन्ही हात त्यावर ठेवले आणि कळ दाबली. कळ खाली गेलीच नाही. त्यांनी दुसरी दाबली. आतलं तेल वाळून घट्ट झालं होतं, सळ्यांना गंज चढला होता. इतकी वर्षं ते कुणी वापरलंच नव्हतं. दुरुस्ती कुठे होते ते साहेबांना ठाऊक नव्हतं. बाईंना ठाऊक होतं, पण सुटा भाग परदेशातून येतो आणि खर्चाला मंजुरी लागते. साहेब म्हणाले, "बरं झालं तुम्ही नेलं नव्हतं, नाहीतर तुमच्या नावावर आलं असतं." हे ते सहानुभूतीने म्हणाले होते. परतताना एसटीत बाई शहापूर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या.

त्या पावसाळ्यात त्यांचं मनगट दुखायला लागलं. मग अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट सुन्न व्हायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, मनगटात नस दबलीय, टोचणं बंद करा, नाहीतर शस्त्रक्रिया. सरकारी रुग्णालयात ती झाली असती, पण पुढचे काही महिने हाताला आराम हवा होता, आणि कंत्राटात तेवढी रजा नव्हती. बाईंनी मनगटाला पट्टा बांधला. "दहावीचे सहा धडे राहिलेत," त्या म्हणाल्या. मी पुढचं वाक्य वाचलं.

हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून वाचत होते. टोचणी आपण हातात घ्यावी, निदान शिकून तरी घ्यावी, हे मला एकदाही सुचलं नाही. मला वाटायचं मी मदत करतेय.

पहिल्यांदा लक्षात आलं ते चंद्रीच्या. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आधी बाई तिला नवीन धडा वाचून दाखवत होत्या. उजवं बोट ओळीवरून फिरत होतं. चंद्री माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "म्याडम, बाई वाचत नाय. पाठ म्हनतायत." बाईंनी ऐकलं. बोट तिथेच थांबलं. त्यांनी डावा हात पुढे केला, त्या बोटाने ओळ चाचपली आणि म्हणाल्या, "डावा अजून थोडा चालतो." ज्या बोटाने त्यांनी आयुष्यभर वाचलं, त्याला आता ठिपका आणि कोरा कागद यांतला फरक कळत नव्हता.

पुस्तक पूर्ण झालं. अकरा गठ्ठे, सुतळीने बांधलेले. चंद्रीने लेखनिक घेऊन परीक्षा दिली आणि गणितात काठावर पास झाली. निकालाच्या दिवशी कान्हू शाळेत आला. कुणाचे आभार मानायचे हे त्याला कळेना, म्हणून तो दाराशीच उभा राहिला. "आमच्यात कोनी धावी नाय झाला," एवढंच म्हणाला. बाईंना हे मी फोनवर सांगितलं. "काठावर का?" त्या म्हणाल्या. "माझ्या आकृत्या चुकल्या असतील."

पुढच्या वर्षीची सही झाली नाही. पाहणीला आलेल्या माणसाने ब्रेलचा कागद पुढे ठेवला आणि वाचायला सांगितलं. बाईंनी दोन्ही हातांनी प्रयत्न केला. त्या माणसाने अहवालात खरं तेच लिहिलं.

सामान आवरायला मी गेले होते. फार नव्हतंच. मुरबाडकडे भावाच्या घरी त्या निघाल्या होत्या. भावजय चांगली आहे, भात वेळेवर देईल, असं त्या मला समजावत होत्या. जीपमध्ये बसताना त्यांनी माझा हात धरला तेव्हा त्यांची पकड सैल लागली, जशी झोपेतल्या माणसाची असते. म्हणाल्या, "तुझा हात मला धड कळत नाही गो. थंड आहे की गरम?"

मी म्हटलं, "गरम आहे."

चंद्री शहापूरला अकरावीला गेली. कधीमधी मी बाईंना फोन करायचे. दोनेक महिन्यांनी त्यांनी विचारलं, "चंद्री काय वाचतेय?" मी खरं सांगितलं. अकरावीची पुस्तकं आलेली नाहीत. घरात एकच बटणांचा फोन आहे आणि तो कान्हूबरोबर कामावर जातो. वर्गात शिकवतात तेवढं ती ऐकते आणि डोक्यात ठेवते. ती शिक्षण सोडायचं म्हणतेय.

मग बाई म्हणाल्या, "सुनीता, एकूण ठिपके सहाच आहेत. तू शिक."

मी शिकले. चाळिशी उलटल्यावर, हळूहळू, चुकत. पहिली ओळ मी सवयीने डावीकडून टोचली आणि कागद पलटल्यावर सगळं उलटं निघालं. मग शनिवारी दुपारी आमचा फोन सुरू झाला. माझं पान बाईंना दाखवता येत नव्हतं. डोळ्यांनी दाखवण्याचा प्रश्नच नव्हता आणि बोटांनीही आता नाही. म्हणून प्रत्येक अक्षराच्या सहा जागांपैकी कितव्या जागी ठिपका आहे, ते मी आकड्यांत वाचून दाखवायचे आणि त्या ऐकून चूक काढायच्या.

"एक, तीन," मी म्हणायचे.

"कुठलं अक्षर?"

"म."

"तो क झाला. म ला चार पण हवा. एक, तीन, चार. पुन्हा टोच."

अकरावीच्या पुस्तकातल्या एका धड्याला तीन शनिवार लागायचे. पहिला धडा घेऊन मी स्वतः पाड्यावर गेले. चंद्री ओटीवर बसून भरभर बोट फिरवत होती. मध्येच थांबून म्हणाली, "म्याडम, तुमचं अक्षर लय वाईट हाय." मी फोनवर सांगितलं तेव्हा बाई खूप दिवसांनी हसल्या.

असे पाच धडे झाले. सहावा निम्मा तपासून झाला होता, आणि त्या शनिवारी फोन त्यांच्या भावाने उचलला. सकाळी चहा घेताना बाई बसल्या जागी कलंडल्या होत्या. दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याने मला पत्ता सांगितला आणि बारावं केव्हा ते सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. समोर पान पट्टीत अडकवलेलं तसंच होतं.

बाराव्याला जाऊन आले. त्यानंतर दोन शनिवार मी टोचणीला हात लावला नाही. तिसऱ्या शनिवारी उरलेला धडा टोचला. तपासायला कुणी नव्हतं, तसाच बांधला आणि कान्हूच्या हाती दिला. सोमवारी तो शाळेत आला, बाहेरूनच मला हाक मारली आणि पोरीचा निरोप जसाच्या तसा सांगितला.

"चार जागी चुकलाय म्हनते. पन समजला. फुडचा कवा देता, इचारलाय."