डावा पीळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ताणा सांधायचं. मागावरचं उभं सूत संपत आलं की जुन्या एकेका टोकाला नव्याचं टोक लावायचं, धागा निसटू नये म्हणून राखेत बोट बुडवायचं आणि पीळ द्यायचा. राजव्वा, माझी बायको, एका अंगाला. मी दुसऱ्या. गिरणीचा भोंगा झाला तरी उठलो नाही. तुमचा एक धागा होईतो माझी भाकरी भाजून होईल, म्हणाली. मी हसलो. बस्स. त्यानंतर ती कैक वर्षं माझ्याजवळ राहिली, पण साधं काही राहिलं नाही.

का राहिलं नाही, हे मी कुणापुढं बोललो नाही — पोरींपुढं नाही, तिच्या चितेपुढंही नाही. आता ती गेली. घरात बोलायला भिंती आहेत. म्हणून तुम्हाला सांगतो. शाळा फारशी झालेली नाही, येईल तसं लिहितो.

राजव्वा डावरी. अख्ख्या साखर पेठेचा पीळ उजवीकडं पडायचा, तिचा डावीकडं. हात मात्र असा चलाख, की लोक दारात यायचे — राजक्का, आमचा ताणा तेवढा सांधून द्या. पदर खोचून निघायची. त्या बोलावण्याचा तिला केवढा अभिमान! मला दिसत नव्हता काय?

दिसत होता. तरी —

मी एका पेढीची लुगडी विणायचो. त्यांचा शिक्का म्हणजे पक्का रंग, असं बायका डोळे झाकून मानायच्या. मी चोरून कच्च्या रंगाचं सूत आणलं, तसाच शिक्का लाकडात कोरून घेतला, आणि घरच्या मागावर खोटी लुगडी काढून बाहेरच्या बाजारी पाठवली. हाव. दुसरं काय नाव देऊ? राजव्वाला वाटायचं, पेढीचंच सूत. रंग धुतल्याशिवाय कळतो कुणाला?

बाजारात कळला. आम्ही ताणा सांधला त्याच दिवशी, दिवस कलताना शेटजींनी सगळ्या विणकरांना पेढीवर बोलावलं. खोटं लुगडं पुढं पसरलेलं. शिक्का हुबेहूब. म्हातारे मुनीमजी शिक्क्याकडं बघेचनात. जिथं नवा ताणा सुरू होतो, तिथले सांधे कापडात उतरतात — तिथं त्यांनी नख फिरवलं. निम्मे सांधे उजवे, निम्मे डावे.

"शिक्का कुनीबी कोरंल," ते म्हणाले. "हात कुटनं कोरंल?"

सगळे माझ्याकडं वळले. मी सूत जुळवलं, शिक्का जुळवला — आणि जिच्या शेजारी रोज बसायचो तिचा हात विसरलो.

मी काय बोललो? "ती धा घरात सांधती, शेटजी. कुनाचं सांधलं, मला काय ठावं?"

एवढंच. एवढ्यानं माणूस मारता येतं.

तिला बोलावून आणलं. कुणाचा ताणा होता, मुनीमजींनी सबुरीनं विचारलं. तिनं लुगड्याचा काठ चिमटीत धरला. मग माझ्याकडं बघितलं. तिला कळलं नसेल? स्वतःचा सांधा, स्वतःच्या घरचा माग? मला तोंड उघडायला वेळ होता. भरपूर होता. मी तिच्या पायांकडं बघत राहिलो.

"ध्यानात न्हाय," ती म्हणाली.

शेटजींनी सुनावलं — खोट्या मालाचा धनी सांग, न्हायतर डाव्या पिळाचं कापड या पेढीची पायरी चढणार नाही. तिनं काठ सोडला आणि पायरी उतरली. त्या दिवसापासून तिला कुणी बोलावलं नाही. प्रत्येक घराला भ्या, संशय आपल्यावर येईल. नळावर बायका तोंड फिरवायच्या. तिनं मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर? खोटंच बोललो असतो. हेही लिहून ठेवतो.

पेढीवरच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी पेढीचा माणूस माग तपासायला येणार होता. माझ्या मागावर आमचा कालचा ताणा, निम्मे सांधे डावे. राजव्वा उंबऱ्याशी आडव्या सुताच्या कांड्या भरत बसलेली. मी कात्री घेतली आणि तिच्या बाजूचे सगळे सांधे कापून टाकले. ती उठली, राखेची वाटी आणून माझ्या गुडघ्याशी ठेवली, परत जाऊन बसली.

मी राखेत बोट बुडवलं आणि तिच्या एकेका धाग्याला उजवा पीळ देत गेलो.