आत्यानं पूल ओलांडला ती दुपार

सोपं केलं म्हणजे बाटवलं, असं मानणाऱ्या लोकांशी माझं रोजचं भांडण आहे. बँकेच्या पायऱ्यांशेजारी उतार करा म्हटलं की साहेब म्हणतात, इतकी वर्षं लोक चढलेच ना. बसस्टँडवरची पाटी मोठ्या अक्षरात लिहा म्हटलं की म्हणतात, ज्याला वाचायचंय तो वाचतो. या सगळ्यावर अपंगांच्या सोयींसाठी भांडणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं मी लिहिते, बुऱ्हाणपूरच्या चौकात उभी राहून वाटते, आणि पुढच्या गाडीवर त्याच पत्रकात भजी बांधली जातात तेही बघते. पण इथे सांगतेय ती लढाई बँकेची नाही. एका व्हिडिओ गेमची आहे. आणि ती आम्ही जिंकलो. आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पत्रकांत जिंकल्याच्या बातम्या फार येत नाहीत.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही, टायपिंगचा क्लास काढला. आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे तिचा क्लास. मागच्या गल्लीत पॉवरलूमची खटखट आणि पुढच्या खोलीत टायपिंगची. माझं लहानपण या दोन आवाजांच्या मध्ये गेलं. जैनाबादहून, दापोऱ्याहून पोरी बसनं यायच्या, सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायच्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच धडा. डाव्या हाताची चार बोटं ए, एस, डी, एफ या चार बटणांवर. ते बोटांचं घर. दुसऱ्या कुठल्याही अक्षरावर जायचं, ठोकायचं, आणि लगेच घरी परत यायचं. कुठल्या अक्षराला कुठलं बोट हे ठरलेलं. चुकीचं बोट लावलं की आत्या पट्टी टेबलावर आपटायची. पोरीच्या हातावर कधी नाही, टेबलावरच, पण पोरगी दचकायचीच.

पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर कोणीतरी एक गेम टाकून गेलं. एक शिपाई, हातात मशाल, जमिनीखालच्या भुयारात उतरतो. आमच्या गावाखाली जुनी पाण्याची भुयारं आहेतच, त्यामुळे मला तो शिपाई इथलाच वाटायचा. दुपारी दोन बॅचच्या मधल्या वेळात आत्या त्या खुर्चीत बसायची आणि मी तिच्या शेजारी स्टुलावर.

तो गेम चालवणं म्हणजे बैलगाडी वळवणं होतं. डावीकडचा बाण दाबला तर शिपाई डावीकडे जायचा नाही. जागच्या जागी नुसता वळायचा. मग वरचा बाण दाबायचा, तेव्हा चालायचा. उडी डाव्या हातानं, कडा धरून लटकायचं तर डाव्या हाताचं आणखी एक बटण, आणि ते दाबूनच ठेवायचं. दोन्ही हात पूर्ण गुंतलेले. आत्या ते करायची. सापळे, कुलुपं, पाण्याचे दरवाजे, सगळं ओलांडून ती शेवटच्या पुलाशी पोचायची. पायाखालून दगड निखळणारा पूल. आणि तिथे शिपाई तरी पडायचा, नाहीतर लाइट जायची. त्या काळी आमच्याकडे लाइट जाणं ही बातमीच नव्हती. त्या टप्प्यात मध्ये कुठे सेव्ह करायची सोय नव्हती. लाइट आली की टप्पा पुन्हा पहिल्यापासून. आत्या पूल कधी ओलांडू शकली नाही. मग तो कॉम्प्युटर भंगारात गेला, गेमही गेला.

दोन वर्षांपूर्वी आत्याला लकवा मारला. बोलणं लवकर परत आलं, चालणंही आलं, उजवा हात मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, डावा हात चालवत राहा, काम करत राहा. आत्यानं क्लासला कुलूप लावलं. कॉम्प्युटरवर बेडशीट टाकली. कोणी कीबोर्डचं नाव काढलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. हात थरथरला तर दिसेल, कोणी बघेल, ही लाज. तीस वर्षं जिनं दुसऱ्यांची बोटं तपासली, तिला आपली बोटं कोणी तपासायला नको होती.

पप्पांनी खोली भाड्यानं द्यायचं ठरवलं. मोबाइलचे कव्हर विकणारा एक जण तयार झाला. आत्याला विचारलं, तर ती "देऊन टाक" म्हणाली. पप्पांचा हेतू वाईट नव्हता. "अक्कानं आता आराम करावा," एवढंच त्यांचं. पण आराम हा शब्द मला आवडत नाही. ज्याला बाजूला करायचं असतं त्याला आपल्याकडे आराम देतात. हे मी पप्पांना तोंडावर म्हटलं. "पत्रक बाहेर वाट," ते म्हणाले, "घरात नको."

त्याच दिवसांत कळलं की तो जुना गेम नव्यानं आला आहे. चित्रं स्वच्छ, मधूनमधून आपोआप सेव्ह, आणि चालवायची पद्धतही नवी: जिकडचं बटण दाबाल तिकडे शिपाई सरळ चालतो. कडा आला की स्वतःच धरतो. मी माहिती खोदून वाचली. बटणं हवी तिथे लावता येतात. म्हणजे सगळं एका हातात बसतं.

पुण्याला नोकरी करणाऱ्या चुलतभावाला फोन केला, कारण लहानपणी त्या स्टुलासाठी तो माझ्याशी मारामारी करायचा.

"जुनी पद्धत पण ठेवलीये त्यात," तो म्हणाला. "खेळायचं तर तीच लाव. नवीन कंट्रोल लावून जिंकलं तर काय जिंकलं यार?"

"आत्याचा एक हात चालत नाही."

"ते ठीक आहे गं. पण मजा तर त्या त्रासातच होती ना."

"तुझे दोन्ही हात चालतात म्हणून तुला त्रासात मजा वाटते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. हेच ते बँकेचे साहेब. फरक इतकाच की हा माझ्याकडून राखी बांधून घ्यायला येतो.

मी क्लास उघडला, बेडशीट काढली, गेम टाकला. आत्याला बोलवायला गेले तर ती भेंडी निवडत होती, एका हातानं.

"तो शिपाई आलाय," मी म्हटलं.

"कोण शिपाई?"

"पुलावरचा."

तिनं भेंडीचं ताट बाजूला सरकवलं.

मी लावून ठेवलं होतं ते जगभर लावतात तसं: पुढे जायला डब्ल्यू, मागे एस, डावी-उजवीकडे ए आणि डी. मला वाटलं, झालं काम. आत्या बसली. डावा हात उचलून ए-एस-डी-एफवर ठेवला, जसा हजारो वेळा पोरींना ठेवून दाखवला असेल. अनामिका वर नेली, डब्ल्यू ठोकला आणि बोट घरी आणलं. शिपाई एक पाऊल चालला आणि थांबला. पुन्हा ठोकला. एक पाऊल. शिपायाला उचकी लागल्यासारखं चाललं होतं. खड्डा आला, आणि तो उडी मारायच्या आधीच आत.

"दाबून धर ना आत्या."

"अक्षर दाबून धरत नाहीत."

"हे अक्षर नाहीये, बटण आहे."

"डब्ल्यू आहे," आत्या म्हणाली. "मला वाचता येतं."

"बाण तर दाबून धरायचीस."

"बाणाला बोट नेमलेलं नाही. याला आहे."

मी तिची बोटं उचलून ठेवायला गेले: मधलं डब्ल्यूवर, तर्जनी डीवर, सगळी पोरं ठेवतात तशी. तिनं हात काढून घेतला.

"तर्जनी डीवर? ये इथे बस, नापास करते तुला."

शिपाई दिवसभर खड्ड्यात पडत राहिला. दुसऱ्या दिवशीही. मला राग आला होता, कोणावर ते धड कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीतून उठली तेव्हा मला वाटलं, संपलं, आता पुन्हा भेंडी. पण ती उठली ती चष्मा आणायला. परत येऊन म्हणाली, "तू म्हणत होतीस ना, बटणं हवी तिथे लावता येतात?"

"येतात."

"मग घरचीच दे. बोटांना बाहेर पाठवतेस कशाला?"

मी ऐकत राहिले. ती धडा दिल्यासारखं सांगत गेली. ए म्हणजे डावीकडे, करंगळी. एस म्हणजे मागे, अनामिका. डी म्हणजे पुढे, मधलं बोट, कारण मधलं सगळ्यात जोरकस आणि पुढेच जास्त जायचंय. एफ म्हणजे उजवीकडे, तर्जनी. उडी अंगठ्याला, स्पेसवर. प्रत्येक बोटाला एक काम. कुठलंच बोट घर सोडत नाही, मग परत यायचा प्रश्नच नाही; घरात बसलेलं बोट हवा तितका वेळ बसू दे.

मी बटणं लावली. आत्यानं मधलं बोट टेकवलं आणि शिपाई पळाला. सरळ, न थांबता, मशाल मागे फडफडत. पहिला खड्डा आला आणि अंगठ्यानं तो ओलांडला. जगातल्या कोणाही खेळाडूनं बटणं अशी लावली असतील असं मला वाटत नाही. इंटरनेटवर मी एकदा लिहिलं, तर लोक हसले. हसू देत. ते टायपिंगच्या परीक्षेला बसले नाहीत.

मग रोज दुपारी क्लास उघडायचा. कुलपं, सापळे, पाण्याचे दरवाजे. हात थरथरायचा, पण थरथरणारं बोट बटणावर असलं तर बटण दाबलेलंच राहतं, हे तिला कळलं होतं. पप्पा दारातून डोकावून जायचे. खोलीचं काय ठरलं हे कोणी काढत नव्हतं, आणि मी विषय काढणार नव्हतेच. मी वाट बघत होते. मोबाइल कव्हरवाला मात्र थांबणारा नव्हता. दिवाळीआधी दुकान लावायचं म्हणून एका दुपारी तो माप घ्यायला आला. पप्पाच घेऊन आले.

तेव्हा आत्या पुलावर होती.

"अक्का," पप्पा म्हणाले, "हे भाऊ आलेत, रॅक कुठे बसेल बघायला."

"थांबा," आत्या म्हणाली. मान वळवली नाही. "मी पुलावर आहे."

कव्हरवाला हातात टेप घेऊन उभा राहिला. पप्पाही. पहिले दगड निखळले आणि शिपाई सुटला. मधल्या भागात पूल वाकडा होतो, उजवीकडे घेत घेत पळायचं असतं, मधलं बोट आणि तर्जनी दोन्ही टेकवून. तिथे जुन्या गेममध्ये शिपाई वळायला थांबायचा आणि मरायचा. आता तो पळता पळता वळला. एक उडी. दुसरी.

"आगे गड्ढा है दीदी," कव्हरवाला म्हणाला.

"दिसतंय मला."

"अक्का, डावीकडे," पप्पा म्हणाले. पप्पांनी त्या खोलीत कधी गेमकडे बघितलंसुद्धा नव्हतं. "अगं डावीकडे घे ना, काय करतेस."

"तू गप्प बस."

शेवटची उडी लांब होती. आत्यानं अंगठा दाबला, शिपाई हवेत गेला, पलीकडच्या कड्यावर त्याची बोटं अडकली आणि तो लोंबकळला. क्षणभर मला वाटलं, हात सुटला. मग तो वर चढला. मागे पूल कोसळला. पडद्यावर उजेड आला, भुयाराचं तोंड, बाहेर नदी, आणि पलीकडे शेतं. इतकी वर्षं त्या गेममध्ये ऊन आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

कव्हरवाल्यानं टेप काखेत धरून टाळ्या वाजवल्या. पप्पा स्टुलावर बसले, माझ्या स्टुलावर.  माझ्याकडे या प्रसंगाची अख्खी दोन पानं तयार होती, हक्क, सन्मान, सगळं, पण ती कोणाला लागली नाहीत.

आत्या खुर्ची फिरवून कव्हरवाल्याकडे वळली.

"बसा भाऊ. चहा घेऊन जा. खोली द्यायची नाहीये."

त्यानं पप्पांकडे बघितलं.

"त्यांच्याकडे काय बघता," आत्या म्हणाली, "क्लास माझा आहे."

"अक्का," पप्पा म्हणाले, "एका हातानं टायपिंग कसं शिकवशील?"

"शिकवायला तोंड लागतं. आणि डोळे. उजव्या हाताचं ही सांगेल," म्हणजे मी, "ही तशीही दिवसभर सांगतच असते."

पप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मग उठून मावा जिलेबी आणायला गेले, आणि कव्हरवाला ती खाईपर्यंत थांबला. जाताना विचारून गेला की त्याच्या मेहुणीला परीक्षा द्यायचीये, फी किती. आत्या म्हणाली, आधी पाठवा, बोटं बघते.

संध्याकाळी चुलतभावाला फोन करून सांगितलं. त्यानं विचारलंच, कुठल्या कंट्रोलनं?

"आत्याच्या," मी म्हटलं.

सोमवारी सातची बॅच सुरू झाली. तीन पोरी आल्या, दोन दापोऱ्याच्या, एक त्या कव्हरवाल्याची मेहुणी. आत्या खुर्च्यांच्या मागून फिरत होती, उजवा हात पदरात, डाव्या हातात पट्टी. मेहुणीनं डीवर तर्जनी ठेवली. पट्टी टेबलावर आपटली, आणि पोरगी दचकली.