वारसितोचं उलटं जॅकेट

जावा बेटावरच्या डोंगराळ वोनोसोबोच्या थंडीत भाड्यानं मोटरसायकल चालवणारे पुष्कळ, पण वारसितोइतका हट्टी दुसरा नाही. जॅकेट उलटं घालायचं, चेन पाठीवर आणि सलग कापड छातीवर, हा त्याचा धर्म. समोरच्या चेनमधून छातीत वारा शिरतो, पोट फुगतं, मग नाण्यानं पाठ लालभडक घासून घ्यावी लागते. तिकडे सगळेच असं मानतात. हा जरा जास्तच.

परवा तो वळणावर पडला. खरचटण्यावर निभावलं, पण सेमारांगला नोकरी करणारी लेक, लास्त्री, धावत आली. "बापाक, एक तर कवचाचं जॅकेट घ्या, नाहीतर गाडी विका!" आई गेल्यापासून पोरीच्या अंगात ठाणेदार संचारला होता. गाडी विकायची म्हणजे घरी बसून कोंबड्या हाकायच्या. वारसितो मुकाट तिच्यामागून दुकानात गेला.

दुकानदारानं खांद्यांना, कोपरांना आणि पाठीला जाड कवच असलेलं जॅकेट काढलं. वारसितोनं ते सवयीनं उलटंच चढवलं. आरशात उताणं कासव उभं राहिलं.

"अहो, ते पाठीच्या कण्यासाठी आहे," दुकानदार हसू दाबत म्हणाला.

"मी पडतो तोंडावर. वाराही समोरून येतो. पाठीमागून कोण येणार आहे?"

"ट्रक," लास्त्री म्हणाली.

त्यानं ते सुलट घातलं. झकास बसलं, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. हे नको, दुसरं दाखवा. दुसऱ्याच्या बाह्या लांब, तिसऱ्याला वास येतो. लास्त्रीचा पारा चढला. "पहिल्यात खोट काय होती, ते तरी सांगा!"

"खोट कसली गं पोरी, न्दुक? ते एकट्याला घालता येतं, एवढंच."

लास्त्रीनं हातातलं तिसरं जॅकेट परत ठेवलं. पाठीवरची चेन स्वतःला ओढता येत नाही. रोज सकाळी ती आई ओढायची. आई गेल्यापासून हा माणूस पाठ उघडी टाकून गावभर हिंडत होता, आणि हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

तिनं पहिलंच जॅकेट घेतलं. बाहेर येऊन ते त्याला सुलट घातलं, त्यावर जुनं उलटं चढवलं आणि पाठीवरची चेन दात-ओठ खाऊन वर ओढली. तरी तो गाडीवर बसेना.

"आता काय?"

"चेन लावली की तुझी आई पाठीत एक धपाटा घालायची."

तिनं घातला. कवचावर तिचाच हात झणझणला.

"लागला का, बापाक?"

"कळलासुद्धा नाही," तो हिरमुसून म्हणाला. "जोरात घाल."