जत्रेतली नागकन्या

ही गोष्ट मी नवऱ्यालाही कधी सांगितली नाही. सांगताना मान वर राहिली नसती.

लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात सासूबाईंनी मला संगमनेरजवळच्या जत्रेला नेलं. लढाईचे दिवस, घरात रॉकेलचा थेंब नाही. पण हौसेला मोल नसतं. पाच पायांचा बैल पाहिला, कर्ण्यातून गाणारी पेटी ऐकली आणि नागकन्येच्या तंबूत शिरलो. पिंजऱ्यात तोंड बाईचं, खाली वेटोळं नागाचं. विचाराल त्याचं उत्तर देते म्हणे.

तोंड पाहिलं आणि मी ओळखलं. ती माझी लहानपणची मैत्रीण होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या सासरी नदीकाठी नुसती कळशी सापडली होती. पुरात वाहून गेली, असं सगळ्यांनी धरलं होतं.

सासूबाईंनी विचारलं, "आमच्या सुनंला मूल कधी व्हईल?"

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "व्हईल. पर हिच्या माहेरी कवठाखालच्या घरात एक आई रडती. तिला म्हनावं, लेक जिती हाय."

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कोन गं ती आई?"

असल्या तंबूतली बाई माझी मैत्रीण, हे कळलं तर मलाही तिच्याच पंगतीला बसवतील, ही भीती. "आमच्याकडं कवठच न्हाई," मी म्हणाले.

"मंग समदं थोतांड," असं म्हणून त्या मला बांगड्या भरायला घेऊन गेल्या.

भाद्रपदात माहेरी गेले. अविधवा नवमीला कवठाखालच्या काकूंनी लेकीच्या नावानं पान ठेवलं होतं. सासरचे काही करेनात, म्हणून आईच करत होती. कावळे कौलांवर बसून होते, पण पानाला एकही शिवेना. काकू सकाळपासून उपाशी, हात जोडून म्हणत होत्या, "काय राह्यलं गं तुजं? सांग की."

तिचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते सासरी पोचलं असतं, आणि माझा खोटेपणाही उघडा पडला असता.

"काकू, तुमी आत जा. मानूस दिसलं की ते येत न्हाईत."

त्या आत गेल्या. मी पानावरचा भात विस्कटला, वडा उचलून झाडामागे फेकला आणि हाक मारली, "काकू, शिवला."

त्यांनी पान पाहिलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला. "सुटली गं माजी लेक," म्हणाल्या आणि मला शेजारी बसवून वाढू लागल्या. मी जेवले.