उन्हाला भिणारे आप्पा

माझ्या आत्याचे यजमान आप्पा हे बेळगावातले सर्वांत भित्रे गृहस्थ होते, आणि तेच नगरपालिकेचे सभासदही होते, याला मी आजही शहराचे भाग्य समजतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. खानापूरकडच्या खेड्यातून आलेल्या मला आप्पांनी घरी ठेवून घेतले, म्हणून मी पदवीधर झालो. त्यांच्या भित्रेपणाविषयी लिहिताना त्यामुळे हात जरा आखडतो.

आप्पा कशाकशाला भीत नसत? कुत्र्याला, टांग्याच्या घोड्याला, तार घेऊन येणाऱ्या शिपायाला, इंजिनाच्या शिट्टीला. ते निवडून आले तेही भीतीपोटीच. दोन्ही पक्षांनी त्यांना उभे राहायला सांगितले आणि दोघांनाही नाही म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. सभेत मत देताना त्यांचा हात कानापर्यंतच जाई. प्रसंग आलाच तर कान खाजवत होतो असे म्हणता यावे. पण सगळ्यांत मोठी भीती होती आपल्या रॉकेलच्या दुकानाचा परवाना जाण्याची. महायुद्ध संपले तरी रेशनिंग चालूच होते. परवाना कलेक्टरसाहेबांच्या एका सहीवर, घर त्या परवान्यावर आणि माझे कॉलेज त्या घरावर टेकलेले होते.

अशात शहराला मोठे क्रीडांगण हवे असे ठरले. स्टेशनजवळच्या व्यापाऱ्यांना ते स्टेशनजवळ हवे होते. अध्यक्षांना ते वडगावच्या माळावर हवे होते, कारण माळाला लागून त्यांचे स्वतःचे शेत होते. साहेब एका दुपारी मोटारीतून माळ बघून आले आणि म्हणाले, "जागा अगदी मोकळी आहे." दुपारी ती मोकळीच असते. सकाळी तिथे वडगावचे विणकर पाजणी करतात : ताण्याचे सूत लांबच लांब पसरायचे, त्याला खळ लावायची, कुंच्याने सारखी करायची आणि ऊन चढायच्या आत सगळे गुंडाळायचे. माळ गेला तर घरोघरचे माग बंद. हे साऱ्या गावाला ठाऊक होते. साहेबांना सांगणार कोण?

एक विणकर म्हातारी दुकानात येऊन गरजली, "आप्पा, उद्यापास्नं ताणा तुमच्या दुकानात पसरू व्हय?"

"पसर बाई, खरं मोठ्यानं बोलू नगंस," आप्पा म्हणाले. आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.

त्यानंतर त्यांच्याकडून मापातले रॉकेल भांड्याबाहेरच सांडू लागले. गिऱ्हाइके खाली धरायला दुसरे भांडे आणू लागली. आत्या म्हणाली, "अवं, बोलायचा धीर न्हाय तर सभंला जाऊच नका."

"न्हाय गेलो तर का आला न्हाय म्हणतील. बोललो तर परवाना जातोय. न्हाय बोललो तर ती म्हातारी हाय."

शेवटच्या सभेला साहेब स्वतः आले. जागेची मोजणी दुपारी ठरत होती, तोच आप्पा उभे राहिले. "साहेब, मला उन्हाची लई भीती वाटते. मोजणी सकाळी ठेवली तर बरं."

सभा खो खो हसली. साहेबही हसले आणि त्यांनी सकाळची वेळ दिली.

आप्पांना आधार म्हणून मी बरोबर गेलो. माळभर लाल, हिरवे, जांभळे ताणे पसरले होते. मोटार कडेलाच थांबली. अध्यक्ष पुढे झाले तशी म्हातारी कुंचा उगारून ओरडली, "अण्णा, ताण्यावर पाय पडला तर बघ!"

"हे आजच मांडलंय का?" साहेबांनी विचारले.

"आजच. मुद्दाम," अध्यक्ष म्हणाले. बाकीचे सभासद आपापल्या वहाणांकडे बघू लागले.

आप्पांचे धोतर वारा नसताना हलत होते. "न्हाय साहेब," ते म्हणाले, "रोजचंच हाय." आणि तिथेच मातीत बसले.

माळ वाचला. परवाना मात्र पुढच्या मुदतीला नवा झाला नाही. कारण कुणी सांगितले नाही, आणि विचारायचे धाडस आप्पांना होणे शक्यच नव्हते. मी शिकवण्या धरून उरलेले वर्ष कसेबसे पुरे केले. सकाळची वेळ त्यांनी युक्तीने मागितली होती का, असे मी एकदा विचारले. "युक्ती कसली रं? ऊन खरंच बाधतंय मला," एवढेच ते म्हणाले. त्यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

दुकानाला कुलूप लागले त्या संध्याकाळी ते पायरीवर बसले होते. मी शेजारी बसून हळूच विचारले, "आप्पा, भीती वाटते?"

"वाटायला पायजे रं," ते म्हणाले, "खरं कुठं सापडंना झालीया." आणि जन्मभर सोबत केलेले माणूस न सांगता परगावी निघून गेल्यावर बघावे, तसे ते रस्त्याकडे बघत राहिले.